सहानाचा आवाजाचा डबा

सहानाचा आवाज म्हणजे उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसा. मोठा नाही, बारीक नाही, पण सरळ आत उतरणारा. लग्न होऊन ती म्हैसूरच्या चामराजपुरमला भवानीबाईंच्या घरी आली तेव्हाच गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ही पोरगी काही बोलायला लागली की हातातलं काम थांबतंय बघा.

ती शाळेत कानडी शिकवायची. छोटी खाजगी शाळा. मुलं कमी होत गेली तसा मालकानं शाळेला टाळं लावलं आणि त्या जागेत लग्नाचा हॉल काढला. निरोपाच्या दिवशी हेडबाईंनी विचारलं, "सहाना, तुला काय देऊ? शाल घे, आणून ठेवलीये." ही म्हणाली, "शाल नको, मॅडम. प्रार्थनेचा माईक द्या." लोखंडी जाळीचा, जड, मुलांच्या हातातून दहादा पडलेला माईक. तो पिशवीत घालून ती घरी आली.

सासूबाई म्हणाल्या, "शाळा गेली, आता हे घेऊन काय भाषण ठोकणार काय गो?"

"नाही आत्याबाई. वाचणार."

बेंगळूरात एक कंपनी आहे, ती कानांनी ऐकायची पुस्तकं काढते. कोणीतरी पुस्तक वाचतं, ते भरून ठेवतात, लोक बसमध्ये, स्वयंपाक करताना, चालताना कानात घालून ऐकतात. त्यांना कानडी वाचणारी माणसं हवी होती. सहानानं फोनवर चार पानं वाचून पाठवली. उत्तर आलं की आवाज फार चांगला आहे, पण मागे सगळी गल्ली ऐकू येते. तुमच्या वाचण्यापेक्षा फुलवाल्याची हाक मोठी आहे. एक मोठी कादंबरी तुम्हाला देऊ म्हणतो. पहिलं प्रकरण नीट, स्वच्छ भरून पाठवा. दसऱ्याची सुट्टी संपून ऑफिस उघडेल त्या सकाळी ते आमच्याकडे पाहिजे. नाहीतर पुस्तक दुसऱ्या बाईकडे जाईल, ती तयारच आहे.

आता गगन, म्हणजे सहानाचा नवरा, माणूस वाईट नाही. हेब्बाळच्या फॅक्टरीत मशीनवर असतो. त्यानं साहेबाला सांगून बायकोसाठी फॅक्टरीच्या गेटावर काम बघून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव विचारायचं, आत फोन लावायचा. बसून काम, न्यायला-आणायला कंपनीची बस. तो म्हणायचा, "अगं, तिथंही बोलायचंच आहे की."

सहानानं त्याच्या ताटात रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, वाढत शांतपणे सांगितलं, "बघा, दसऱ्यापर्यंत मला विचारू नका. माझं प्रकरण त्यांनी नाकारलं तर सुट्टी संपल्यावर मी स्वतः बसला उभी राहीन, तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण तोपर्यंत गेट नाही, साहेब नाही."

"बरं बाई," गगन म्हणाला. त्याला माहीत होतं, ही एकदा म्हणाली की म्हणाली.

आता झालं काय, माईक होता, लॅपटॉप होता, पण माईकची वायर लॅपटॉपात जाईना. माईकचं तोंड गोल, तीन सुयांचं, लॅपटॉपाला तसं भोकच नाही. मध्ये एक डबा लागतो. माईकचा आवाज त्या डब्यात जातो, डबा तो मोठा करतो, लॅपटॉपला समजेल असा करतो, मग पुढं पाठवतो. इंटरफेस म्हणतात त्याला. पण भवानीबाईंच्या घरी त्याचं नाव डबाच पडलं.

डबे बाजारात ढीगभर. खरी गोम लॅपटॉपात होती. सहानाचा लॅपटॉप जुना. तो इतका दमला होता की चालू करून कॉफी टाकावी, ती पिऊन कप धुवावा, तरी हा उघडतोच आहे. शाळेतल्या एका मुलीचे, आभाचे बाबा, अमेय म्हणून, हेब्बाळच्या मोठ्या कम्प्युटर कंपनीत आहेत. साताऱ्याकडचे, आता बोगादीला घर बांधलंय. त्यांनी त्या लॅपटॉपातली विंडोज काढून टाकली आणि लिनक्स म्हणून घातलं. लॅपटॉप पोरासारखा पळायला लागला.

ते लिनक्स कसं, ते सहानानंच सासूबाईंना समजावलं होतं. आपल्या मराठा मंडळीच्या हॉलात सामायिक भांडी आहेत बघा, मोठी पातेली, झारे, परात. कोणा एकाची नाहीत. ज्याच्या घरी लग्न, तो नेतो. ज्याला भोक दिसलं तो डाग देऊन परत आणून ठेवतो. कोणी भाडं घेत नाही. तसंच हे, जगातल्या लोकांनी मिळून केलेलं, मिळून दुरुस्त केलेलं. भवानीबाई म्हणाल्या, "मग चांगलंच की. पण सामायिक भांड्याला घरचं झाकण बसत नाही, हेही लक्षात ठेव."

आणि नेमकं तेच होतं. डबे करणाऱ्या कंपन्या झाकणं करतात ती विंडोजच्या आणि त्या दुसऱ्या महागाच्या कम्प्युटरच्या मापाची. लिनक्सला कोणतं बसेल हे डब्यावर लिहिलेलंच नसतं.

अमेय फोनवर म्हणाले, "मॅडम, दोन गोष्टी बघा. डबा असा हवा की लावला की लागलीच चालला पाहिजे, त्याच्यासाठी वेगळं काही आत घालावं लागता कामा नये. आणि तुमचा माईक जुन्या घडणीचा आहे, हळू बोलतो. तो आवाज वर चढवताना डब्यानं शू शू केलं नाही पाहिजे. बाकी लोक इंटरनेटवर काहीही लिहितात."

"म्हणजे लोकांना विचारून उपयोग नाही?"

"विचारा. पण शेवटी लावून बघितल्याशिवाय घेऊ नका."

सहानाला हे पटलं. आमच्या लोकांत सोयरीक जमवताना मुलाच्या घरी चहा पिऊन कोणी होकार देत नाही. दोन्ही बाजूंची माणसं एका पंगतीला बसवतात आणि बघतात, कोण कसं जेवतं, कोण कोणाला वाढतं. ती म्हणाली, आपणही पंगत मांडायची. लॅपटॉप पाठीला, माईक पिशवीत, आणि निघाली देवराज अर्स रस्त्याला.

तिथं नरसिंहमूर्तींचं वाद्यांचं दुकान. वीणा, तबले, गिटार, आणि मागच्या कपाटात हे डबे. कपाळाला गंध, डोळ्याला चष्मा, बोलणं कानडीत आणि गोड.

"बन्नी अम्मा, या, काय पाहिजे?"

सहानानं सांगितलं. लिनक्स ऐकल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "अय्यो. अम्मा, त्याच्यावर कोणी गाणी भरतं काय? विंडोज घालून घ्या, कटकट संपली. माझ्या दुकानात आजपर्यंत कोणी हे मागितलं नाही."

"मग मी पहिली. डबा उघडून लावून बघू द्या."

"खोका फोडला की तो जुना झाला ना अम्मा! दुसरा गिऱ्हाईक घेईल काय?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं तर फोडायला सांगितलं नसतं, सार. तुम्ही वीणा तारा न छेडता विकता काय?"

नरसिंहमूर्ती हसले. "नोडि, बघा, एकच उघडतो," म्हणाले आणि एक उघडला.

पहिला डबा दिसायला राजाचा जावई. दिवे काय, चकाकी काय! लॅपटॉपला लावला, लॅपटॉपनं ओळखलाही. पण आवाज कमी-जास्त करायला वर एकही कान, म्हणजे पिळायची खुंटी नाही, काहीच नाही. सगळं म्हणे कम्प्युटरमधून करायचं, कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं. आणि तो प्रोग्रॅम लिनक्सवर येत नाही. माईक आत कुजबुजतोय आणि त्याला मोठं करायची किल्ली दुसऱ्याच्या घरात. सहानानं वायर काढली. "नको, सार. जावई देखणा आहे, पण उठ-बस आईला विचारून करतो."

नरसिंहमूर्तींचा नोकर हसला, मग ते स्वतःही हसले. हसल्यावर माणूस सैल होतो, त्यांनी दुसरा खोका आपणहून उघडला.

दुसरा हलका, प्लास्टिकचा. चालला लगेच, कान पिळले की आवाज मोठा होत होता. पण माईकचा हळू आवाज वर आणायला कान शेवटपर्यंत पिळावा लागला, आणि शेवटाला आला की मागून शू सुरू. स्टोव्हवर दूध ठेवून विसरल्यासारखी. सहानानं हेडफोन कानात लावून ऐकलं, नरसिंहमूर्तींनाही ऐकवलं.

"इतकं कोण ऐकतंय अम्मा?"

"बेंगळूरचे ऐकतात, सार. फुलवालाही ऐकला त्यांनी."

तिसरा त्यांनी कपाटाच्या तळातून काढला. धूळ बसलेला, काळपट लोखंडाचा, रूपाला यथातथाच. वर दोन गोल भोकं, प्रत्येकाला एक जाडजूड कान, बस. काही आत घालायचं नाही, कुठल्या प्रोग्रॅमला विचारायचं नाही. सगळं त्याच्या अंगावर. सहानानं माईक लावला, कान हळूहळू पिळला आणि प्रार्थनेची ओळ म्हणाली. मग हेडफोन तिनं नरसिंहमूर्तींच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. मागे काही नाही, नुसता आवाज.

"कोणी विचारत नव्हतं ह्याला," ते म्हणाले. "न्या. तुमचं आणि त्याचं जमतंय."

असा डबा घरी आला.

डबा आला, पण वाचायला जागा कुठली? शेजारच्या घरात वरचा मजला चढत होता. सकाळी कामगार आले की फरशी कापायचं यंत्र सुरू, ते दिवे लागेपर्यंत, मग मध्यरात्रीपर्यंत घरोघरचे टीव्ही. सहाना रोज कपाट आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात गोधड्या टांगायची, त्यात डबा, लॅपटॉप, माईक मांडायची, दोन ओळी वाचायची की शेजारून घर्रर्र. रोज थांबायची, रोज परत सुरू करायची. त्यातल्या त्यात एक झालं, ती प्रकरण तोंडपाठ करून बसली.

भवानीबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "सुम्मने, उगीच त्या डबड्याशी बोलत बसते. गोधडीत तोंड घालून बोलायला सुनेला काय झालंय, असं बायका विचारतात मला."

"काय सांगता मग?"

"सांगते, पोटापाण्याचं करतेय म्हणून. बाहेर मी तुझी बाजू घेते गो. घरात बोलायला नको काय?"

मिस्त्रीला सहानानं विचारून ठेवलं होतं. खंडेनवमी आणि दसरा, दोन दिवस यंत्र बंद, कामगार गावी जाणार. तिनं ठरवलं, त्या दोन दिवसांत प्रकरण भरायचं.

पण खंडेनवमीला तर आयुधपूजा. ह्या घराचं ते मोठं. गगनचे पणजोबा राजाच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून आहे. त्या दिवशी ती तलवार पाटावर येते, तिच्याशेजारी कोयता, शिवणाचं यंत्र, गगनचे पाने, बाहेर त्याची मोटरसायकल. सगळ्यांना हळदकुंकू, फुलं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आयुधानं त्या दिवशी विसावा घ्यायचा. सुरीसुद्धा नाही, म्हणून भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. सहाना त्या बाबतीत कोणाला काही बोलली नाही. शास्त्र ते शास्त्र. लॅपटॉप तिनं स्वतःच पुसून पाटावर ठेवला. म्हणाली, एक दिवस गेला, एक उरला. तेवढा पुरे. आणि होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटायला स्वयंपाकघरात गेली.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. सहाना डबा घ्यायला कोपऱ्यात गेली तर डबा नाही. पाटाकडे वळली आणि जागीच थांबली. डबा तलवारीच्या अगदी शेजारी बसला होता, मळवट भरून. भवानीबाईंनी कुंकू पाण्यात कालवून पाची बोटांनी भरलं होतं. वर कोरडं कुंकू चिमटीनं सोडलं होतं ते वेगळं. एका भोकात ओलं कुंकू पार आतपर्यंत, दुसऱ्यावर कोरडं. कानांच्या फटी लाल.

"आत्याबाई... हे..."

"मीच केलं," भवानीबाई पदर खोचत म्हणाल्या. तोंडावर कौतुक मावत नव्हतं. "तू लॅपटॉप ठेवलास फक्त. तो तर आता घरोघरी असतो. मी म्हटलं, पोरीचं खरं आयुध ते आहे, त्याला कसं विसरायचं? तलवारीच्या मानाला बसवलंय बघ."

इतके दिवस डबडं म्हणणारी बाई आज त्याला आयुध म्हणत होती. रागावणार कोणावर?

सहानानं डबा फडक्यानं वरून पुसला, ओल्या भोकात माईक लावला. कानात आवाज आला तो कढईत मोहरी टाकल्यासारखा. तड तड तड, आणि मग काहीच नाही. भवानीबाईंनी तिचा चेहरा बघितला. त्या खाली बसल्या.

"मी बिघडवलं काय गो?"

"बघते मी, आत्याबाई."

"थांब, ओल्या फडक्यानं स्वच्छ करून देते..."

"नको! पाणी नको. तेल नको. हातच लावू नका." हे जरा मोठ्यानं निघालं. मग तिनंच आवाज खाली आणला. "तुम्ही फक्त माझ्याजवळ बसा."

दुकान बंद. अमेय दसऱ्याला साताऱ्याला गेलेले. फोन लावला तर मागे पोरांचा गोंधळ.

"मॅडम, आधी सांगा, ओलं गेलंय की कोरडं?"

"एकात ओलं, एकात कोरडं."

"ओल्याला विसरा. त्यात आज काही लावू नका. दुसरं उलटं धरा, कोरड्या ब्रशनं झटका, फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते. आणि कान फिरवताना खरखर करेल, कुंकवाचा कण आत घासतोय. परवा मी आलो की ऑफिसातून एक डबा मागून देतो ना!"

"परवा मी त्याचं काय करू? उद्या सकाळी पाठवायचं आहे."

गगन दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "अगं, त्यांना फोन कर. सण होता म्हणून सांग, एक दिवस मागून घे. नाहीच दिला तर... गेटाचं काम काही वाईट नाही. जीवाला इतकं लावून घेऊ नकोस."

सहानानं त्याच्याकडे बघितलं. "तुमचा दाढीचा ब्रश कोरडा आहे का?"

"आहे."

"आणा."

दुपारपर्यंत ती डबा उलटा धरून बसली. ब्रश फिरवायचा, वर्तमानपत्रावर लाल धूळ पडायची, परत फिरवायचा. भवानीबाई शेजारी, हात मांडीवर घट्ट धरून. मग दुसऱ्या भोकात माईक लावला. आवाज आला, पण हेडफोनच्या एकाच बाजूला. त्याचं तिला भय नव्हतं, प्रोग्रॅममध्ये सांगितलं की ह्या एकट्याचा आवाज धर, दोन्ही बाजूंना दे. लिनक्सवर तेवढं ती आता डोळे मिटून करायची. खरी अडचण डब्याच्या कानाची होती. पिळला की खर्र. सोडला की गप्प. आणि सोडल्यावरही काही जागांवर धुसफूस चालूच.

ती तो केसाकेसानं फिरवत गेली. एका जागी आला आणि पूर्ण गप्प झाला. पण ती जागा खालची, आवाज कमी यायचा. वर न्यायला जावं तर खरखर.

तिथं सहानानं काय केलं, चिकटपट्टी काढली आणि कान त्याच जागेवर चिकटवून टाकला. गगन म्हणाला, "अगं, आवाज पोचेल काय?"

"डबा वर येत नाही ना, मग मी पुढं जाते. ओठ माईकला लावून वाचते."

ओठ लावून वाचलं तर आवाज भरून आला, खोलीतल्या पंख्याची कुईकुईही मागे पडली. पण प आला, भ आला की श्वास धाडकन माईकवर आदळे. भवानीबाई उठल्या. ट्रंकेतून आपली धुऊन धुऊन विरलेली सुती साडी काढली, पदर टरकन फाडला आणि चाळणीच्या रिकाम्या कड्यावर ताणून बांधला. "हे तोंडापुढं धर. वारा अडेल, शब्द जाईल. पीठ चाळताना नाही काय, कोंडा वर राहतो?"

लावून बघितलं. वारा अडला, शब्द गेला.

तोवर जंबू सवारीची, दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीची, वेळ. अर्धं शहर राजवाड्यापाशी, उरलेलं टीव्हीपुढं. गल्लीत प्रत्येक घरात तीच सवारी, तोच बँड, तोच सांगणारा माणूस, खिडकीखिडकीतून. सहाना गोधड्यांच्या आत बसली आणि बाहेर आली. "टीव्ही ऐकू येतोय."

भवानीबाईंनी चपला घातल्या. दर दसऱ्याला सोन्याची अंबारी दिसली की हात जोडून डोळ्यांतून पाणी काढणारी बाई. ती घरोघर गेली. म्हणाली, "चला गो सगळ्या, टोकाच्या सुष्माच्या घरी मोठा टीव्ही आहे, तिकडं बघा. इथले बंद करा. सुनेची परीक्षा आहे आज." कोणी कुरकुरलं, एकजण म्हणाली, "अक्का, सणाच्या दिवशी कसली परीक्षा?" तर भवानीबाईंनी नुसतं बघितलं तिच्याकडे. ती बाई आपला चिवडा घेऊन निघाली. गगनला त्यांनी गाड्या अडवायला गल्लीच्या तोंडाशी उभा केला आणि स्वतः घराच्या पायरीवर बसल्या, अंबारीकडे पाठ करून.

सहानानं दार लावलं. बटण दाबणार तेवढ्यात राजवाड्याकडून तोफ झाली. धडाम. खिडकीच्या काचा हलल्या. मग दुसरी. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एकामागून एक तोफा होत होत्या आणि तिचा श्वास शांत होत होता. शेवटची तोफ विरली, त्यानंतरही ती थोडी थांबली. मग तोंड माईकशी नेलं आणि सुरू केलं.

कादंबरीतला एक म्हातारा कोडगूहून बैलगाडीनं म्हैसूरला यायला निघतो, मुलीला शोधायला. तो चालला की सहानाचा आवाज चालायचा, तो थांबला की थांबायचा. म्हातारा रडतो तिथं तिनं आवाज इतका खाली आणला की जवळ-जवळ श्वासच, आणि कान वर करता येत नाही म्हणून स्वतः आणखी पुढं झुकली, साडीचा पदर ओठाला लागेपर्यंत. म्हातारा घाटात बैलांवर ओरडतो तिथं मागे सरकली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. घामानं केस गळ्याला चिकटले. पंखा बंद होता. एक ओळ चुकली, थांबली, मागची ओळ परत घेऊन पुढं गेली. प्रकरण संपलं तेव्हा मान आखडून गेली होती आणि बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या.

दार उघडलं तर भवानीबाई तशाच पायरीवर.

"झालं?"

"झालं."

"अंबारी निघून गेली असेल," भवानीबाई म्हणाल्या. "गेली तर गेली. पुढल्या वर्षी परत निघणार आहे ती. तू जेव आधी."

दुसऱ्या सकाळी, बेंगळूरचं ऑफिस उघडायच्या आधी, सहानानं प्रकरण पाठवलं. मग ती घरातली कामं करत राहिली. भांडी घासली, अंथरुणं उन्हात टाकली, तांदूळ निवडले. फोन खिशात होता तरी एकदाही आपणहून काढून बघितला नाही. गगन कामावर गेला होता, तोच दोनदा फोन करून विचारून गेला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आलं की सांगते ना. मशीनवर लक्ष द्या, बोट जाईल."

उत्तर आलं ते संध्याकाळी. तिनं उभ्यानंच वाचलं, मग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिलं होतं की आवाज स्वच्छ आहे. माईकच्या इतक्या जवळून वाचण्याची पद्धत आम्हाला आवडली, म्हातारा कानात येऊन बोलतो असं वाटतं. पुस्तक तुमचं. पण एक पान परत भरून द्या. त्यात म्हातारा रडत असताना मागून एक बाई मराठीत म्हणते, 'ए शहाण्या, गाडी बंद कर आणि ढकलत ने.'

भवानीबाईंनी तोंडावर पदर घेतला. "हळूच म्हणाले होते गो मी त्या फटफटीवाल्याला!"

"हळूच?" सहाना पोट धरून हसत खाली बसली. "आत्याबाई, बेंगळूरला पोचलं ते!"

हसून झाल्यावर ती उठली. गगनला फोन लावला. तो मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला, "काय झालं?"

"साहेबांना सांगा, गेटावर दुसरी माणसं बघा म्हणावं. नमस्कार सांगा त्यांना माझा, त्यांनी विचारलं तेच खूप."

"पक्कं?"

"पुस्तक माझं आहे. बाकी घरी आल्यावर."

शेजारी यंत्र परत सुरू झालं होतं, घर्रर्र. सहानानं खिडकीतून मिस्त्रीला हाक मारली आणि विचारलं की जेवायच्या सुट्टीला यंत्र किती वेळ बंद असतं. तो म्हणाला, पाऊण तास, कधी तास.

"पुरेल," ती म्हणाली. "उद्यापासून सुट्टी झाली की मला एक आवाज द्या."